सरकारी हॉस्पिटलातल्या समाजसेवकाची बांधिलकी मोजायची कशी? (उत्तर जरा लांबलंय)

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोपरखैरण्याची एक मुलगी, एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली मास्टर्स) शेवटच्या वर्षाला आहे, तिला ठाणे आणि नवी मुंबईतल्या सरकारी नि महापालिकेच्या हॉस्पिटलांमधल्या समाजसेवकांची कामाबद्दलची बांधिलकी मोजायचीये. गाइडने नऊ प्रश्नांची एक इंग्रजी प्रश्नावली हातात दिलीये आणि सांगितलंय की मराठी कर, ५० जणांकडून भरून घे, सरासरी काढ, ठाणे विरुद्ध नवी मुंबई असं एक टेबल टाक, झालं. ती विचारतेय एवढं पुरेल का आणि मराठी करताना काय सांभाळू. मी या लाइनीत २३ वर्षं आहे, त्यातली बरीचशी ठाण्यात, काही खाडीपलीकडे नवी मुंबईत, आणि असले फॉर्म भरणारी पण मीच आणि दुसऱ्यांकडून भरून घेणारी पण मीच, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते.

आधी एक साधी गोष्ट. फॉर्मच्या वर नुसतं 'समाजसेवक' लिहू नकोस. आपल्याकडे समाजसेवक म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं ते नाक्यावरचा वाढदिवसाचा फ्लेक्स बघ, खालच्या पंचवीस फोटोंत निम्म्यांच्या नावाखाली समाजसेवक लिहिलेलं असतं. हसू नकोस, माझ्या एका विद्यार्थिनीचा फॉर्म वॉर्डातल्या एका स्थानिक कार्यकर्त्याने मोठ्या प्रेमाने भरून दिला होता आणि तिला ते डेटा एंट्री करताना कळलं. तर नेमकं लिही: समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय), महापालिकेकडचे वैद्यकीय समाजसेवक, मनोविकार समाजकार्यकर्ता, एचआयव्ही तपासणीच्या आयसीटीसी आणि उपचारांच्या एआरटी सेंटरचे समुपदेशक. समुपदेशकांना घ्यायचं की नाही यावर तुझे गाइड वाद घालतील, कारण त्यातले काहीजण मानसशास्त्रवाले असतात. एमएसडब्ल्यू झालेलेच घेतले असं लिहून टाक नि पुढे जा. आशाताईंना यात घालू नकोस, त्यांचं काम, मोबदला, नेमणूक सगळंच वेगळं. आरोग्यमित्रांनाही नको, ते सरकारच्या मोफत उपचार योजनेच्या बाजूने बसलेले असतात, आपल्या खात्याचे नाहीत. संख्या वाढवायला लोक हे सगळे एकात मिसळतात आणि मग जो आकडा येतो तो कोणाचाच नसतो.

आता त्या नऊ प्रश्नांबद्दल. ही युट्रेक्टची प्रश्नावली, हॉलंडच्या शौफेली आणि बाकर यांची. मूळची १७ वाक्यांची, २००६ साली तिची नऊ वाक्यांची छोटी आवृत्ती आली, तीच तुझ्या हातात आहे. तीन भाग, प्रत्येकी तीन वाक्यं: कामात जोम, कामाबद्दल आत्मीयता आणि अभिमान, आणि कामात गढून जाणं. उत्तर ० ते ६, म्हणजे कधीच नाही पासून रोज पर्यंत. अव्यावसायिक संशोधनाला फुकट वापरता येते हे तिचं मोठं सुख. चांगली आहे, जगभर वापरतात, मी तिला नावं ठेवत नाही. पण ती मोजते ते कामात माणूस किती रंगलाय ते, म्हणजे इंग्रजीतलं एंगेजमेंट. तुझ्या शीर्षकात आहे बांधिलकी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत गं. आज कामात पूर्ण रंगलेला माणूस दुसरीकडे कायमची पोस्ट निघाली की उद्या जातो, आणि जाऊ नये असं आपण कुठल्या तोंडाने म्हणणार. उलट वीस वर्षं एका खुर्चीत टिकलेला माणूस कामात असतोच असं नाही, तो पेन्शनमध्ये असतो. तेव्हा आधी ठरव, तुला रंगणं मोजायचंय की टिकणं मोजायचंय की कोणाशी बांधलेलं असणं मोजायचंय. नऊ वाक्यांतून तिन्ही निघणार नाहीत.

मराठी करताना काय सांभाळायचं, तर सगळ्यात आधी 'निष्ठा' हा शब्द टाळ. मी एकदा वापरला होता, 'मी माझ्या कामाशी एकनिष्ठ आहे', आणि लोकांनी अख्ख्या पानावर सगळ्यात वरचा आकडा दिला. नंतर चहा पिताना एक सिनिअर ताई म्हणाल्या, अगं निष्ठा वाचलं की कामाचा दरवर्षीचा गोपनीय अहवालच आठवतो, तिथे कमी कोण लिहील स्वतःला. बरोबर आहे की. सरकारी माणसाला काही शब्द कागदावर दिसले की हात आपोआप सेफ बाजूला जातो. 'समर्पण' तर विचारूच नकोस, ते निरोप समारंभाच्या भाषणात. साधं बोलायचं ते लिही: 'माझं काम मला मोलाचं वाटतं', 'कामात मी गढून जाते/जातो'. भाषांतर एकाने करावं, ज्याने मूळ पाहिलेलं नाही अशा दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावं, मग दोन्ही शेजारी ठेवून बघावं, ही पद्धत गाइडनी सांगितली असेलच. पण त्याच्यापेक्षा उपयोगी काय असेल तर पाच-सहा जणांसमोर बसून एकेक वाक्य मोठ्याने वाचून घे आणि विचार, 'हे वाचून तुझ्या मनात काय आलं?' उत्तर नको, मनात काय आलं ते.

मी हे केलंय म्हणून सांगते. एक वाक्य आहे, सकाळी उठल्यावर कामावर जावंसं वाटतं, अशा अर्थाचं. आमच्याकडे एक मुलगी बदलापूरहून यायची, ठाण्याला उतरून दहा नंबरवरून ट्रान्स हार्बर पकडून पुढे नवी मुंबईत. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, मॅडम, कामावर जावंसं वाटतं का म्हणजे कामावर पोचल्यावर विचारताय की बदलापूरच्या प्लॅटफॉर्मवर? कारण प्लॅटफॉर्मवर विचाराल तर नाही. तिथे आम्ही सगळे खो खो हसलो पण नंतर माझ्या लक्षात आलं की ते वाक्य तिच्या बाबतीत सेंट्रल रेल्वे मोजत होतं. हॉस्पिटलच्या मागच्या क्वार्टर्समध्ये राहणारा आणि बदलापूरवाली यांच्या आकड्यात फरक आला तर तो बांधिलकीचा समजायचा का? म्हणून प्रवासाला लागणारा वेळ फॉर्ममध्ये विचारून ठेव, एका रकान्याचं काम आहे.

दुसरी गंमत आकड्यांच्या पायऱ्यांची. वर्षातून काही वेळा किंवा त्याहून कमी, मग महिन्यातून एकदा किंवा कमी, मग महिन्यातून काही वेळा, मग आठवड्यातून एकदा, असं चढत जातं. पहिल्या दोन पायऱ्यांवर प्रत्येकजण अडतो, 'हे दोन्ही सारखंच ना?' म्हणतो. तरी पायऱ्या कमी करू नकोस, नाहीतर दुसऱ्या कुठल्याच अभ्यासाशी तुझे आकडे लावून बघता येणार नाहीत. फक्त वर एक उदाहरण सोडवून दाखव, भजी खाण्याचं दे, पावसाचं दे, काहीही चालेल.

आणि तिसरं, हे जरा गंभीर आहे. कामात गढून जाण्याबद्दलचे प्रश्न. मोठ्या सतरा वाक्यांच्या आवृत्तीत एक आहे की काम करताना वेळ कसा उडून जातो कळत नाही. हॉलंडमध्ये त्याचा अर्थ माणूस रंगलाय असा असेल, आपल्याकडे एका समाजसेवकामागे ओपीडी, वॉर्ड, कॅज्युअल्टी, पोलीस, योजनेचे कागद असं सगळं असताना वेळ उडून जातो कारण बसायलाच मिळत नाही. एका पोराने मला हेच सांगितलं, म्हणे मॅडम मी सहाच लिहिणार, सकाळी नऊला आलो ते डबा चार वाजता उघडला, वेळ उडाला की नाही? आता हा सहा आनंदाचा की ओझ्याचा, कागद सांगत नाही. छोट्या आवृत्तीत ते वाक्य नाहीये पण तसलीच सावली उरलेल्या तीनवर पण पडते. म्हणून प्रश्नावलीच्या जोडीला कामाचं ओझं विचारणारे दोन-तीन साधे प्रश्न हवेतच: गेल्या आठवड्यात ड्यूटी संपल्यावर किती वेळ थांबलात, किती वॉर्ड तुमच्याकडे आहेत, तुमच्याशिवाय विभागात अजून कोण आहे.

याच पोराची गोष्ट सांगते, कारण मला जे म्हणायचंय ते त्यात आहे. तेव्हा तो कंत्राटावर होता, अकरा महिन्यांचं. मेल मेडिकल वॉर्डात १०८ ने आणलेला एक माणूस, साठीचा असेल, उजवी बाजू गेलेली, वाचा बंद. केस पेपरवर 'अनोळखी पुरुष'. खिशात चुन्याची डबी आणि सुटे चाळीस रुपये, मोबाइल नाही, आधार नाही. वॉर्डातल्या सिस्टरचं म्हणणं, पत्ता लागत नाही तोवर सगळंच अडलंय, योजनेत बसवायचा तर कागद नाही, डिस्चार्ज द्यायचा तर न्यायला कोणी नाही. पोराने काय केलं, वॉर्डबॉयने गुंडाळून ठेवलेला त्याचा शर्ट मागितला. कॉलर उलटी करून बघितली तर आत शिंप्याचं लेबल, दुकानाचं नाव पुसलेलं, पण खाली 'परतूर' दिसत होतं. परतूर म्हणजे जालना जिल्हा. मग सुरू झाले फोन. तिथल्या पोलीस स्टेशनला, मग ओळखीच्या ओळखीने बाजारातल्या एका शिंप्याला, त्याने सांगितलं की हे लेबल अमक्याचं, तो आता वारला, मुलगा दुकान चालवतो. शिंप्याच्या त्या मुलाला व्हॉट्सॲपवर शर्टाचा फोटो, हो, माणसाचा चेहरा नाही शर्टाचा फोटो, चेहरा असा फिरवायचा नसतो हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. उंची, अंदाजे वय, हाताला जुनी भाजल्याची खूण, एवढं तोंडी सांगितलं. चौथ्या दिवशी पहाटे पेशंटचा मुलगा वॉर्डाच्या दारात हजर, रात्रीच्या गाडीने आलेला. वडील रबाळ्याला एका साइटवर कामाला होते आणि महिनाभर फोन लागत नव्हता.

महिनाअखेरीच्या रिपोर्टात याची एक ओळ गेली. अनोळखी रुग्ण: १, नातेवाईक शोधले: १. त्याच चार दिवसांत बाजूच्या टेबलवर पिवळी आणि केशरी रेशनकार्डं तपासून शिफारशीच्या सह्या झाल्या होत्या बावीस. रिपोर्ट वाचणाऱ्याला काय दिसणार? बावीस आणि एक. मी ते रेशनकार्डवालं काम हलकं म्हणत नाही हां, त्या सहीवर कोणाचं ऑपरेशन अडलेलं असतं. पण केसेसची संख्या, हजेरीच्या थंबची वेळ, रजा किती घेतल्या, याच्यावरून बांधिलकी काढू नकोस एवढंच सांगते. सोपं असतं, डेटा आयता मिळतो, म्हणून मोह होतो.

आता या पोराला कोणी विचारलं असतं की तुझी या हॉस्पिटलशी बांधिलकी किती, तर त्याने शून्य लिहिलं असतं. मला माहितेय कारण तो उघडच म्हणायचा. पगार दोन-दोन महिने अडकायचा, रिन्यूअलची ऑर्डर शेवटच्या दिवशी यायची, आणि त्याच्या वरचे साहेब (कुठलं हॉस्पिटल ते सोड) त्याला नावाने हाक मारायचे नाहीत, 'ए काउन्सेलर' म्हणायचे. पण पेशंटशी? आणि आपल्या पेशाशी? तिथे तो माझ्यापेक्षा वर होता. म्हणजे माझं म्हणणं हे आहे की आपल्या कामात बांधिलकीचे धागे तीन वेगळे असतात, संस्थेशी, पेशाशी आणि समोरच्या माणसाशी, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध पण ओढतात. कितीतरी वेळा पेशंटसाठी आपण संस्थेच्या नियमाला बगल देतो. बेड रिकामा करा म्हणून वरून फोन असतो आणि आपण सिस्टरला सांगतो की बाईच्या घरचे येईपर्यंत उद्यापर्यंत ठेवूया. ही संस्थेशी बेइमानी की कामाशी इमान? एकच आकडा काढलास तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतील आणि हाती मधलाच काहीतरी बुळबुळीत आकडा येईल.

आणि ही ओढाताण आजची नाही. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात १८९५ साली मेरी स्टुअर्ट यांना नेमलं, त्या हॉस्पिटलातल्या पहिल्या आल्मोनर (हॉस्पिटलातल्या समाजसेवकाचं तिकडचं जुनं नाव), तेव्हा त्यांचं मुख्य काम काय होतं तर फुकट उपचार घ्यायला आलेला खरंच गरीब आहे का ते बघायचं. म्हणजे आपली रेशनकार्ड तपासणीच की. दहा वर्षांनी, १९०५ ला, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात डॉ. रिचर्ड कॅबट यांनी समाजसेवक आणले ते वेगळ्या कारणाने, की औषध लिहून दिलं तरी घरी खायला नाही, झोपायला जागा नाही, तर पेशंट बरा कसा होणार. आपल्याकडे मुंबईत जे.जे. ला १९४६ मध्ये पहिली नेमणूक झाली. तर एक पाय तिजोरीच्या दारात आणि एक पाय पेशंटच्या घरात, हे या पोस्टच्या जन्मापासूनच आहे. तुझ्या पहिल्या प्रकरणात हे टाक, गाइड खूष होतील, आणि खरं म्हणजे त्याशिवाय तुझे आकडे कळणारच नाहीत.

मोजायला काय वापरायचं मग? मेयर आणि ॲलन यांचं बांधिलकीचं तीन भागांचं मॉडेल बघ, १९९१ चं. मी त्याचं मराठी असं करते: राहावंसं वाटतं, राहावं लागतं, राहायला हवं. पहिलं मनाचं, दुसरं हिशोबाचं, म्हणजे सोडलं तर खायचं काय, पेन्शन जाईल, होम लोन आहे, आणि तिसरं कर्तव्याचं. १९९३ मध्ये त्यांनी स्मिथबरोबर हेच पेशाला लावून दाखवलं, प्रत्येक भागाला सहा वाक्यं, म्हणजे संस्थेबद्दल वेगळं आणि पेशाबद्दल वेगळं विचारता येतं. हे तुला खूप कामाचं आहे. १९७९ ची मौडे, स्टियर्स आणि पोर्टर यांची पंधरा वाक्यांची प्रश्नावली पण आहे, पण ती सगळी संस्थेशी निष्ठेबद्दल आणि तिच्यात उलट्या अर्थाची वाक्यं आहेत, 'नाही' वर 'असहमत' असं मराठीत झालं की लोकांचा गोंधळ उडतो. मी तिच्या वाटेला जाणार नाही.

कायम आणि कंत्राटी हे दोन गट वेगळे ठेवच. 'राहावं लागतं' चे प्रश्न कायम माणसाला नीट लागू पडतात. कंत्राटी माणसाला 'ही नोकरी सोडली तर तुमचं खूप नुकसान होईल का' विचारलं तर तो म्हणतो, मी सोडेन ते सोडा, तेच मला कधी सोडतील ते सांगा. ठाणे विरुद्ध नवी मुंबई हे टेबल मात्र काढून टाक. इकडचा माणूस तिकडे, तिकडचा इकडे, ऐरोली नि कळव्यामध्ये अंतर ते काय. खरा फरक असेल तर कायम आणि कंत्राटी यांच्यात असेल, नाहीतर जिथे एकटाच समाजसेवक आहे आणि जिथे चौघं आहेत यांच्यात.

तिसऱ्या भागाबद्दल, 'राहायला हवं' बद्दल, थोडं जास्त सांगते कारण पुस्तकात हे सापडत नाही. मूळ प्रश्न असे आहेत की या संस्थेने माझ्यासाठी खूप केलंय, मी तिचं देणं लागतो. आपल्या बॅचच्या मुला-मुलींना विचार, संस्थेचं देणं कोणी लागत नाही. पण माझ्याबरोबरच्या कितीतरी जणांच्या घरात शिकलेली पहिली पिढी तीच, स्कॉलरशिपवर आणि हॉस्टेलवर राहून एमएसडब्ल्यू केलेलं, आणि त्यांच्या तोंडी कायम एक असतं, बाबासाहेबांमुळे इथवर आलो, समाजाचं देणं फेडायचंय. हे खरं कर्तव्यभावनेचं बंधन आहे, कुठल्याही मॅनेजरने बांधलेलं नाही आणि कुठल्याही मॅनेजरला सोडवता येणार नाही. ते बंधन हॉस्पिटलच्या नावाने विचारलं तर कमी येईल, वस्तीच्या नावाने विचारलं तर भरून येईल. म्हणून शेवटी एक मोकळा प्रश्न ठेव, 'तुम्ही हे काम कोणासाठी करता असं तुम्हाला वाटतं?' आणि खाली चार ओळी रिकाम्या. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त माहिती त्या चार ओळींतून येते, आणि काहीजण तर कागद उलटा करून मागे लिहितात.

५० चा प्रश्न. ५० मध्ये सरासरी निघते, तुलना कशीबशी निघते, पण 'मी ही प्रश्नावली मराठीत प्रमाणित केली' असं लिहायची हिंमत करू नकोस. घटक विश्लेषण, म्हणजे कुठली वाक्यं एका गटात पडतात ते आकड्यांनी बघणं, करायचं म्हटलं तर ढोबळ हिशोब एका वाक्यामागे पाच ते दहा माणसं असा धरतात, म्हणजे नऊ वाक्यांना पंचेचाळीस ते नव्वद, सेफ राहायचं तर नव्वदच धर, आणि तीन घटक खरंच वेगळे आहेत का हे नीट तपासायचं तर लोक दोनशेच्या पुढे मागतात. दोन शहरांत मिळून तेवढे वैद्यकीय समाजसेवक तू कुठून आणणार. त्यापेक्षा सॅम्पल काढूच नकोस, जितके आहेत तितक्या सगळ्यांकडे जा, आणि त्यातल्या बारा-पंधरा जणांशी निवांत बोल. नऊ वाक्यांच्या बाबतीत तसेही तिन्ही भाग एकमेकांशी इतके जुळतात की पुष्कळ लोक एकच बेरीज वापरतात, तूही वापर, वाद नको.

अल्फाबद्दल गाइड विचारतील, क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे सगळी वाक्यं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, ०.७० च्या वर आला का. येईल गं, नक्की येईल, आणि तिथेच फसशील. युट्रेक्टच्या प्रश्नावलीत एकही उलटं वाक्य नाही. घाईत असलेली माणसं काय करतात, एकाच रकान्यात वरपासून खालपर्यंत टिक मारतात, कोणी सगळे पाच, कोणी सगळे तीन. असे फॉर्म जितके जास्त तितका अल्फा वर जातो, सगळेच तसे भरले तर अल्फा पार एक होईल! म्हणजे न वाचता भरलेले फॉर्म तुला सगळ्यात विश्वसनीय दिसतील. एकाच रेघेत उतरलेले फॉर्म आधी वेगळे काढ, ते धरून आणि ते सोडून अशा दोन्ही पद्धतीने आकडे दे.

नाव न लिहिण्याबद्दल. नाव नाही लिहिलं म्हणजे झालं असं नसतं. स्त्री, वय ४० ते ४५, समाजसेवा अधीक्षक, अनुभव १५ वर्षं, अमुक हॉस्पिटल, एवढं लिहिलं की अख्ख्या जिल्ह्याला कळतं ती कोण. वयाचे दोनच गट ठेव, हॉस्पिटलचं नाव घेऊच नकोस. गुगल फॉर्म विभागप्रमुखांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून 'सर्वांनी आजच भरावा' असा मेसेज आला की संपलं, सगळे सहा. कागद दे, कोरा लिफाफा दे, लिफाफा तू स्वतः गोळा कर, साहेबांच्या शिपायाकडे ठेवू नकोस. आणि मार्चमध्ये जाऊ नकोस, तेव्हा कंत्राटाच्या ऑर्डरी अडकलेल्या असतात आणि २४ मार्चला टीबी दिनाची गडबड असते. पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टोने वॉर्ड भरलेले. १ डिसेंबर एड्स दिन, त्या आठवड्यात आयसीटीसीवाले रॅलीत बॅनर धरून उभे असतात. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेर हा तुझा काळ.

थकव्याचं पण जाताजाता. बर्नआउट म्हणजे बांधिलकीची उलटी बाजू असं समजून एकच मोजून दुसरं गृहीत धरू नकोस, आपल्याकडे दोन्ही एकाच माणसात असतात, शर्टाचं लेबल शोधणारा पोर त्या चार दिवसांनंतर दोन दिवस तापाने आडवा होता. मास्लॅकची २२ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध आहे पण तिला पैसे पडतात. कोपनहेगनची आहे, २००५ ची, १९ प्रश्न, फुकट, आणि तिच्यात एकूण थकवा, कामाचा थकवा आणि ज्यांच्यासाठी काम करतो त्या माणसांमुळे येणारा थकवा असे तीन भाग वेगळे आहेत. मला तो तिसरा भाग फार आवडतो, कारण माझा अंदाज असा की आपल्या लोकांना पेशंटचा थकवा कमी येतो आणि कागदांचा जास्त. माझा अंदाज, तुझ्या डेटात उलट निघालं तर मला कळव.

तर मी तुझ्या जागी असते तर काय घेतलं असतं: युट्रेक्टची नऊ वाक्यं, मेयर-ॲलनची पेशाबद्दलची आणि संस्थेबद्दलची मनाच्या भागातली सहा-सहा, 'राहावं लागतं' ची सहा फक्त संस्थेबद्दल, प्रवास आणि ओझ्याचे ते साधे प्रश्न, शेवटी चार रिकाम्या ओळी. पेशंटशी असलेल्या धाग्यासाठी तयार प्रश्न शोधत बसू नकोस, तिथे मुलाखतच घे, आणि मुलाखतीत 'तुमची बांधिलकी किती' असं विचारू नकोस, 'गेल्या महिन्यात कुठल्या केससाठी थांबलात, का थांबलात, कोणाला फोन केले' असं विचार. माणूस फोन सांगायला लागला की मग खरं बोलतो.

परवानगीला आत्तापासूनच लाग. कॉलेजचं पत्र, एथिक्स कमिटीचा कागद, प्रश्नावलीची प्रत, सगळं दोन-दोन प्रतींत. एक प्रत आवक-जावकला दे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर तिथेच उभं राहून घे, नंतर देतो म्हणाले तरी हलू नकोस, कारण पुढच्या वेळी तो नंबर नसला तर तुझा अर्ज आलाच नव्हता. अर्जात एक ओळ आधीच टाक की हॉस्पिटलनिहाय निकाल दिला जाणार नाही, म्हणजे नंतर कोणी साहेब 'आमच्याकडचे कोण किती' विचारायला लागले तर दाखवायला बरं. आणि समाजसेवा विभागात दीडच्या आधी जाऊ नकोस, ओपीडी चालू असते. दीडनंतर जा, डबे उघडलेले असतात, तुलाही बस म्हणतील.